एक अमिनो आम्ल बदललं की काय होतं? सिकलसेल आणि प्रथिनांची गोष्ट

प्रोटीन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? आमच्या बोनकोडे-कोपरखैरणे पट्ट्यात जिमला जाणारी पोरं पावडरचा डबा सांगतील, गावठाणातल्या काकू सुकट-बोंबील. दोघांचंही बरोबर. पण ते झालं खाण्यातलं प्रोटीन. पोटात त्याचे तुकडे होऊन अमिनो आम्लं सुटी होतात आणि पेशी त्यांतून आपल्याला हवी ती प्रथिनं नव्याने बांधते. ही बांधणी किती काटेकोर असते, ते समजायला आपल्याच राज्यातलं उदाहरण घेऊ: गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत अनेक घरांत असलेला सिकलसेल.

प्रथिन म्हणजे २० प्रकारच्या अमिनो आम्लांतून ओवलेली साखळी. कोण कोणाच्या शेजारी, हा क्रम म्हणजे प्राथमिक रचना. साखळीचा काही भाग स्प्रिंगसारखा वळतो, काही भाग पन्हळी पत्र्यासारखा पसरतो. ही द्वितीयक रचना. मग अख्खी साखळी घडी होऊन तिला आकार येतो, ती तृतीयक. आणि अशा काही साखळ्या एकत्र बसल्या की चतुर्थक. (पुस्तकात हे चार मजले वाटतात. पेशीत घडी पडायला साखळी पूर्ण व्हायचीही वाट बघावी लागत नाही.)

हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या असतात: १४१ आम्लांच्या दोन अल्फा, १४६ च्या दोन बीटा. प्रत्येकीत लोहाचा एक हीम गट, आणि ऑक्सिजन तिथेच चिकटतो. प्रथिनाबरोबर असा वेगळा घटक असला की त्याला संयुग्मित प्रथिन म्हणतात.

आकारावरून आणखी एक वर्गीकरण आहे. केसांतलं केराटिन, कातडी-हाडांतलं कोलॅजन ही तंतुमय प्रथिनं. त्यांचं काम आधार देणं. विकरं, प्रतिपिंडं, इन्सुलिन, हिमोग्लोबिन ही गोलाकार. ती पाण्यात सुटी फिरून कामं करतात. परीक्षेत हा तक्ता सगळेच पाठ करतात. सिकलसेलमध्ये तोच तक्ता मोडतो.

बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असतं. त्यावर ऋण प्रभार असतो, त्याला पाणी आवडतं. सिकलसेलमध्ये तिथे व्हॅलिन येतं, जे पाण्यापासून पळतं. ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचा आकार थोडा बदलतो आणि शेजारच्या रेणूवर एक खाच उघडी पडते. व्हॅलिन नेमकं तिथे जाऊन बसतं. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा चिकटत जातो आणि गोलाकार प्रथिनाचे लांब तंतू बनतात. रक्तपेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी वाकते, बारीक वाहिन्यांत अडकते. पेशंटला होणाऱ्या असह्य वेदना त्यातून येतात. अशी पेशी १२० दिवसांऐवजी साधारण १०-२० दिवसच टिकते, म्हणून रक्तही कमी.

लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं की हे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळं सरकतं, म्हणजे दोष रेणूतच आहे. १९५६ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी प्रथिनाचे तुकडे करून फरक नेमका कुठल्या तुकड्यात आहे ते शोधलं.

एका पालकाकडून सदोष जनुक आलं तर माणूस वाहक, म्हणजे ‘एएस’. त्याला बहुधा काहीच त्रास नसतो. दोन्ही पालक वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल ‘एसएस’, म्हणजे आजारी असण्याची शक्यता २५ टक्के. तरीही सोयरीक मोडेल या भीतीने रिपोर्ट लपवले जातात, खासकरून मुलींचे. मला हे आजाराइतकंच वाईट वाटतं; वाहक असणं हा आजारच नाही.

जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. पहिली चाचणी साधी असते: रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात. सिकल हिमोग्लोबिन विरघळत नाही, नळी गढूळ होते, मागच्या रेघा दिसेनाशा होतात. एएस की एसएस, हे मात्र पुढच्या तपासणीतच कळतं. सहा महिन्यांखालच्या बाळात ही पहिली चाचणी फसू शकते, कारण त्याच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन अजून बरंच असतं आणि त्यात बीटा साखळीच नसते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध मोठ्यांमध्ये तेच जुनं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं.