काकवीत पोहायचे कसे?

मुरुमच्या शिवारात ऊस आहे. ऊस आला की गूळ आला, आणि गुळाबरोबर काकवीही आली.

एकदा थंडीच्या दिवसांत आम्ही एका गुऱ्हाळावर बसलो होतो. रस पिऊन झाला होता. शेंगा खात गप्पा चालल्या होत्या. विहिरीत पोहण्याचा विषय निघाला. एक आजोबा म्हणाले, "आमच्या लहानपणी आमी थारोळ्यावरून उडी टाकायचो. दोन हात मारले की ह्या काठाचं त्या काठाला!"

जवळच एक पोरगा बोटाने काकवी चाटत होता. त्याने विचारले, "आजोबा, काकवीनं भरलेल्या हौदात पोहता येईल का वो?"

सगळे हसले. आजोबा म्हणाले, "माशीला इचार की! पडली की संपली."

पोराने थट्टेत विचारले. पण गंमत अशी की मोठमोठ्या विद्वानांनी हाच प्रश्न कागदावर मांडला आहे आणि त्याचा हिशेब केला आहे. त्या हिशेबातून दाताच्या आत शिरून जंतू मारणारी यंत्रे निघाली आहेत. तो हिशेब काय आहे, ते आज पाहू या.

न दिसणारी वस्ती

हॉलंड देशात डेल्फ्ट नावाचे गाव आहे. तिथे लेव्हेनहूक नावाचा एक कापडाचा व्यापारी होता. तो काही मोठा पंडित नव्हता. त्याला फक्त आपली मायबोली येत होती. पण त्याला भिंगे घासण्याचा नाद होता. सन १६७४ च्या सुमारास त्याने तळ्यातल्या पाण्याचा थेंब भिंगाखाली धरला. पाहतो तो काय! त्या थेंबात बारीक बारीक जीव पोहत होते. त्याने तसे पत्र लंडनच्या विद्वानांना धाडले. आधी त्यांना खरे वाटेना. मग त्यांनी स्वतः पाहिले आणि मान डोलावली.

हे जीव किती लहान? आपल्या मोजपट्टीवर मिलिमीटरच्या बारीक रेघा असतात. दोन रेघांमधली जागा म्हणजे एक मिलिमीटर. त्या एवढ्याशा जागेत एकापुढे एक असे सुमारे ५०० जंतू मावतात.

आणि पोहतात किती जोरात? एक मिलिमीटर जायला त्यांना सुमारे ४० सेकंद लागतात. तुम्ही म्हणाल, हे तर गोगलगायीपेक्षा हळू झाले. पण जरा थांबा. जंतू एका सेकंदात आपल्या लांबीच्या दहा-बारा पट अंतर कापतो. माणसाने तसे करायचे म्हटले, तर त्याला पाण्यातून एस.टी. बसच्या वेगाने जावे लागेल! मग हे एवढेसे जीव पोहतात तरी कसे?

एकच पाणी, पण दोन तऱ्हा

आपण विहिरीत पोहतो तेव्हा एक हात मारला की अंग थोडे पुढे सरकत राहते. सायकलचे पायडल थांबवले तरी सायकल काही वेळ पळते ना? तसेच हे. याला आपण धाव म्हणू.

पाण्याला दुसराही एक गुण आहे. ते अंगाला धरते, ओढते, अडवते. याला चिकटपणा म्हणू. काकवीत हा गुण फार, पाण्यात कमी.

पोहणाऱ्याची धाव मोठी की त्याला अडवणारा चिकटपणा मोठा? सगळा प्रश्न एवढाच आहे. यासाठी विद्वानांनी एक हिशेब बसवला आहे. इंग्लंडातल्या ऑस्बॉर्न रेनॉल्ड्स यांनी सन १८८३ मध्ये नळातून वाहणाऱ्या पाण्याचा अभ्यास करताना तो मांडला. म्हणून त्या आकड्याला रेनॉल्ड्सचा आकडा म्हणतात. साध्या पाण्यापुरता हा हिशेब तुम्हीही करू शकता. लांबी मिलिमीटरमध्ये घ्या. एका सेकंदात किती मिलिमीटर अंतर कापले, ते घ्या. दोन्हींचा गुणाकार करा. झाला आकडा.

माणसाची लांबी १,७०० मिलिमीटर धरू. तो सेकंदाला १,००० मिलिमीटर पोहतो असे धरू. गुणाकार झाला १७ लाख. म्हणजे माणसाची धाव मोठी आणि पाण्याचा चिकटपणा नगण्य.

आता जंतूचे पाहा. लांबी एका मिलिमीटरचा पाचशेवा भाग. वेग सेकंदाला एका मिलिमीटरचा चाळिसावा भाग. गुणाकार केला तर येतो एकाचा वीस हजारावा भाग. म्हणजे धाव जवळजवळ शून्य आणि सगळा चिकटपणाच!

पाणी तेच. पण आपल्याला ते पातळ आणि जंतूला काकवीहून घट्ट. जंतूने शेपटी थांबवली की तो जागच्या जागी थांबतो. एका अणूच्या जाडीइतकाही पुढे सरकत नाही.

म्हणजे आपल्या पोराचा प्रश्न खराच होता. जंतू जन्मभर काकवीतच पोहत असतो.

अडकित्ता आणि गिरमीट

जेफ्री टेलर नावाचे एक गणिती इंग्लंडात होऊन गेले. त्यांनी सन १९५१ मध्ये या पोहण्याचे गणित मांडून छापले. पुढे त्यांनी दोन खेळणी केली. रबराला पीळ दिला की त्यांची शेपटी हलायची. पहिल्या खेळण्याची शेपटी माशासारखी इकडून तिकडे हलायची. दुसऱ्याची शेपटी गिरमिटासारखी वळणदार होती आणि ती गरगर फिरायची.

माशासारखे खेळणे पाण्यात झकास पोहले. मग ते घट्ट पाकात सोडले. शेपटी हलत राहिली, पण खेळणे जागचे हलेना. गिरमिटाच्या शेपटीचे खेळणे मात्र त्याच पाकात सावकाश पुढे गेले.

असे का झाले? याचे कारण अमेरिकेतल्या एडवर्ड पर्सेल यांनी सन १९७६ मधल्या एका भाषणात फार सोप्या रीतीने सांगितले. त्यांनीही दाखला काकवीचाच दिला. त्यांचे म्हणणे आम्ही आपल्या घरातल्या वस्तूवरून सांगतो.

अडकित्ता घ्या. तो उघडतो आणि मिटतो. त्याला दुसरे काही येत नाही. पाण्यात त्याला फटकन मिटवले आणि हळूच उघडले, तर मिटवतानाच्या धावेने तो पुढे जाईल. पण काकवीत धाव नाहीच. मिटताना तो जेवढा पुढे जाईल, तेवढाच उघडताना मागे येईल. हळू करा, जलद करा, हिशेब तोच. दिवसभर उघडझाप केली तरी सुताराच्या पुढे सुतार, हातात काही नाही. आला तसा गेला.

मग काय करावे? जी हालचाल उलटी केल्यावर वेगळी दिसते, ती करावी. गिरमीट एकाच बाजूने फिरत राहते. त्याला मागे यावे लागत नाही. लाकडात ते फिरत फिरत आत घुसते. तसाच जंतू पाण्यात घुसतो. सन १९७३ मध्ये हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी दाखवून दिले की, जंतूची शेपटी चाबकासारखी हलत नाही. ती बुडाशी गरगर फिरते. सेकंदाला शंभर फेऱ्या! मोटारीला असतो तसा फिरता आस एवढ्याशा जिवाच्या अंगात आहे.

मऊ दोरीची करामत

दुसरी एक युक्ती आहे. ती मऊ शेपटीची. पुरुषाच्या बीजात जे शुक्रजंतू असतात, ते असेच पोहतात. कडक काठी इकडे तिकडे हलवली तर ती अडकित्त्यासारखीच. काकवीत उपयोग नाही. पण मऊ दोरी हलवली तर तिच्यात लाट उठते. लाट बुडापासून टोकाकडे जाते, उलट येत नाही. त्या लाटेवर पोहणारा पुढे सरकतो.

पण दोरी किती मऊ असावी? इथे गणित कामाला येते. फार कडक असली तर ती काठी होते. फार मऊ असली तर फक्त बुडाशी हलते, पुढची सगळी निर्जीव पडते. दोन्हींच्या मधला एक बेत आहे, तोच उत्तम. तो हिशेबाने काढता येतो. घर बांधण्याआधी गवंडी विटांचा अंदाज काढतो ना? तसेच हे. एवढ्या बारीक वस्तू पुन्हा पुन्हा करून मोडणे परवडत नाही. म्हणून आधी कागदावर पोहवायचे, मग पाण्यात सोडायचे.

सन २००५ मध्ये फ्रान्समधल्या अभ्यासकांनी असा एक बनावट पोहणारा केला. चुंबकाने ओढले जाणारे बारीक मणी एका दोऱ्यात ओवावेत, तशी त्यांची शेपटी केली. ती रक्तातल्या एका तांबड्या पेशीला जोडली. बाहेरून चुंबकाची ओढ हलवत ठेवली. शेपटी वळवळू लागली आणि पेशी पोहू लागली.

लोणारचे चुंबकवाले

माणसाने चुंबकाचा पोहणारा केला. पण निसर्गाने तो फार आधीच केला होता आणि तो आपल्या महाराष्ट्रातही आहे.

बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. फार पूर्वी आकाशातून मोठा दगड कोसळला आणि काळ्या खडकात सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. त्यात खारे, सोड्यासारखे पाणी साठले. सन २०२० च्या जून महिन्यात हे पाणी एकाएकी गुलाबी झाले. लोक घाबरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. मिठात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांनी तो रंग आणला होता. त्यात दैवी कोप नव्हता.

याच सरोवराच्या गाळात कराडच्या अभ्यासकांना चुंबकवाले जंतू मिळाले. अशा जंतूच्या पोटात लोहाच्या खड्यांची माळ असते. ती होकायंत्राच्या काट्यासारखी वागते. असे जंतू सन १९७५ मध्ये अमेरिकेतल्या रिचर्ड ब्लेकमोर यांनी जगापुढे आणले होते. थेंबाजवळ चुंबक नेला की सगळे जंतू वळत. मेलेला जंतूसुद्धा वळे, पण पुढे जात नसे. म्हणजे तोंड वळवतो चुंबक, आणि पुढे नेते शेपटी.

यांना चुंबक कशाला हवा? त्यांना फार हवा मानवत नाही. गाळाजवळ त्यांना बरे वाटते. पृथ्वीची चुंबकी ओढ आपल्याकडे उत्तरेला आणि थोडी खाली असते. त्या वाटेने गेले की गाळ सापडतो. चहूकडे भटकावे लागत नाही. बहुतेक ठिकाणी आपल्या गोलार्धात असे जंतू उत्तरेची वाट धरतात. लोणारला मात्र दक्षिणेची वाट धरणारेही मिळाले.

दातात शिरणारे गिरमीट

आता हे सगळे एकत्र आणा. जंतूचे गिरमीट, काकवीचा हिशेब आणि चुंबकाची ओढ. सन २००९ मध्ये अंबरीश घोष आणि पीअर फिशर यांनी काचेचे गिरमीट केले. लांबी जंतूएवढी. त्याला चुंबकी धातूचा पातळ मुलामा दिला. बाहेरून चुंबकाची ओढ गोल फिरवली की गिरमीट फिरते आणि हवे तिकडे जाते.

अंबरीश घोष पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करू लागले. तिथे सन २०२२ मध्ये अशी गिरमिटे काढलेल्या दातांच्या बारीक नळ्यांत घालून पाहिली. तिथे लपलेल्या जंतूंमुळे दाताची दुरुस्ती पुन्हा बिघडते. औषध तिथवर नीट पोचत नाही. ही गिरमिटे आतपर्यंत गेली. तिथे त्यांना तापवून जंतू मारता आले आणि ती परतही काढता आली.

पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. बाजारात कोणी चुंबकाचा पट्टा विकेल, चुंबकाचे पाणी विकेल आणि "सगळे रोग जातील" म्हणेल. त्याचा या विद्येशी संबंध नाही. इथे चुंबक रोग बरा करत नाही. तो फक्त गिरमीट फिरवतो. पट्ट्यावर पैसे घालू नका. दवाखाना गाठा.

आपल्या घागरीचे काय?

आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी आटते. आड खोल जातो. टँकरची वाट पाहावी लागते. मग जे पाणी मिळेल ते आपण घागरीत भरतो. ते नितळ दिसले की म्हणतो, "पाणी झ्याक आहे."

पण पटकीच्या जंतूला एक शेपटी आहे. विषमज्वराच्या जंतूला अंगभर शेपट्या आहेत. दोघेही गिरमिटाने पोहणारेच. नितळ पाण्यात ते दिसत नाहीत. फडक्याने गाळले तर गाळ अडतो, जंतू मात्र भोकातून सहज पार होतो. त्याला ते भोक वेशीएवढे मोठे!

म्हणून पाणी गाळून घ्या. मग खळखळ उकळी येऊ द्या आणि ती निदान एक मिनिट राहू द्या. उकळणे जमत नसेल तर आरोग्यसेवकाला विचारून त्याने सांगितल्या मापाने क्लोरीन टाका. घागरीवर झाकण ठेवा आणि पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढा. हात बुडवू नका.

त्या संध्याकाळी आम्ही हे सगळे गुऱ्हाळावर सांगितले. आजोबा काही वेळ गप्प बसले. मग पोराला म्हणाले, "अरे, काकवीत पोहता येतं की! फक्त हात मारायचे न्हाईत, गिरमीट व्हायचं." आणि घरात हाक दिली, "सूनबाई, आज पाणी उकळायला ठेव गं."

हिशेब करून पाहा

१. एक मासा १०० मिलिमीटर लांब आहे. तो सेकंदाला २०० मिलिमीटर पोहतो. त्याचा आकडा किती?

२. त्याची धाव मोठी की पाण्याचा चिकटपणा मोठा?

३. तुमच्या घरात अडकित्त्यासारखी हलणारी एक वस्तू आणि गिरमिटासारखी फिरणारी एक वस्तू शोधा. त्यांची नावे वहीत लिहा.