मागे स्प्रिंग नसलेली विजेची सायकल

आयुधनिर्माणीसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आसपास मुरमाचे रस्ते आणि धानाच्या बांध्यांमधील पांदणी यांवर विजेची हार्डटेल सायकल, म्हणजे पुढे धक्के शोषणारा फोर्क असलेली पण मागचे चाक सांगाड्यालाच घट्ट जोडलेली सायकल, निश्चितच चालू शकते. मात्र मोटार व बॅटरीमुळे तिचे वजन बहुधा 20 किलोंच्या आसपास जाते, आणि दगडावर आदळताना हा भार मागच्या रिमवर व स्पोकांवर येतो. मोटार मागच्या हबमध्येच असेल तर ताण आणखी वाढतो. म्हणून पेडलच्या आसापाशी बसवलेली, गिअरमधून जोर देणारी मोटार अशा वाटांना अधिक योग्य होय. रुंद टायर, त्यांत किंचित कमी हवा, आणि उतारावर पेडलवर उभे राहून सैल ठेवलेले गुडघे (शरीर हीच येथे मागची स्प्रिंग असते) यांनी उणीव बरीच भरून निघते. वेगवान खडकाळ उतार व उंच उड्या मात्र तिच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. रोवणीच्या दिवसांतील चिखल साखळी व ब्रेक झिजवतो, पण तो धुताना पाण्याचा जोरदार फवारा मोटारीच्या सांध्यांवर मारू नये, कारण बेअरिंगमध्ये शिरलेले पाणी सहज बाहेर पडत नाही.