जुने घर घेताय? विसार देण्याआधी वायरिंग तपासून घ्या



सुगी झाली, हातात चार पैसे आले की घराचे बेत सुरू होतात. मुलांच्या शाळेसाठी तालुक्याच्या गावी जुने घर घ्यायचे, नाहीतर शेतालगतचे कुणाचे तरी तयार घर पाहायचे. घर पाहताना आपण भिंतीची ओल पाहतो, वासे किडलेत का ते पाहतो, पाणी किती दिवसांनी येते ते विचारतो. उतारा काढतो, चार जाणत्यांचा सल्ला घेतो. आणि विजेचे काय? बटण दाबतो, दिवा लागतो, पंखा फिरतो. "लाइट चांगली आहे," म्हणून पुढे होतो.

इथेच चूक होते. दिवा लागायला दोन तारा पुरतात : फेज आणि न्यूट्रल. जीव राखणारी तिसरी तार म्हणजे अर्थिंगची. ती तुटलेली असली तरी दिवा तितकाच लख्ख लागतो. तेव्हा दिवा लागला ही काही वायरिंगची परीक्षा नव्हे.

फ्यूज आहे ना, मग भीती कसली?

असे पुष्कळ जण म्हणतात. जरा हिशेब करून पाहू या. समजा, पाण्याच्या मोटरीत फेजची तार झिजून लोखंडी अंगाला लागली. अर्थिंगचा खड्डा जुना, कोरडा. तिथून जमिनीत जायला विजेला ४६ ओहम अडथळा आहे. २३० व्होल्टला ४६ ने भागले की ५ अँपियर येतात. तुमचा फ्यूज १५ अँपियरचा. तो ५ अँपियरने वितळणार कसा? मोटरीच्या अंगात वीज तशीच राहते आणि ओल्या हातापायांनी जो शिवेल त्याला धक्का बसतो. पत्र्याच्या घरात वायर पत्र्यावर घासून उघडी पडली तर पत्रा आणि पत्र्याला बांधलेली धुण्याची तार, दोन्हींत वीज उतरते. पावसाळ्यात धुणे वाळत घालताना माणूस दगावल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

फ्यूज आणि एमसीबी हे वायर जळू नये म्हणून असतात. माणसासाठी आरसीसीबी नावाचे वेगळे यंत्र मिळते. घरासाठी ते ३० मिलीअँपियरचे घ्यावे. एका अँपियरचे हजार भाग केले, तर त्यातल्या तीस भागांइतकी वीज जमिनीकडे गळली तरी ते डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुरवठा तोडते. त्यावर 'टी' अक्षराचे बटण असते. ते दाबल्यावर यंत्र पडलेच पाहिजे.

तपासणी कोणाकडून करावी?

महावितरणची जबाबदारी मीटरपर्यंत. मीटरच्या पुढचे वायरिंग घरमालकाचे. म्हणून शासनाचा परवाना असलेला विद्युत ठेकेदार किंवा वायरमन न्यावा. परवाना पाहायला मागावा, त्यात भीड कसली? जमल्यास विकणाऱ्याचा नेहमीचा वायरमन टाळावा. स्वतः टेस्टर घेऊन बोर्ड उघडण्याच्या फंदात मात्र पडू नका.

त्याच्याकडून काय काय पाहून घ्यावे?

१) वायरचे वय. लाकडी पट्टीवरची जुनी रबरी वेष्टणाची वायर असेल, तर रबर वाळून त्याचा भुगा होतो. अशी वायर बदलावीच लागते. ॲल्युमिनियमची वायर असेल तर तिचे जोड सैल पडून तापतात. काळवंडलेले बोर्ड, वितळलेले प्लग ही त्याचीच खूण.

२) मेगर चाचणी. मेन स्विच बंद करून, दिवे व उपकरणे काढून ५०० व्होल्टच्या मेगरने वेष्टण तपासतात. निदान १ मेगओहम यायला हवे. भिंतीतली ओल वायरपर्यंत पोचली असेल तर ती इथे कळते.

३) अर्थिंग. ते अर्थ टेस्टरनेच मोजून घ्यावे. काही जण फेज आणि अर्थ यांच्यात १०० वॅटचा दिवा लावून "बघा, अर्थिंग फक्कड!" म्हणतात. तो दिवा अर्धा अँपियरसुद्धा घेत नाही. वरच्या हिशेबातल्या कोरड्या खड्ड्यावरही तो छान पेटेल.

४) तिसरी पिन. ती न्यूट्रललाच जोडून अर्थिंगचा खर्च वाचवलेला नाही ना, हे पाहावे. अशा घरात न्यूट्रल तुटला तर फ्रीजपासून मोटरीपर्यंत प्रत्येक लोखंडी अंगात वीज येते.

५) फ्यूज आणि बटणे. किटकॅटमध्ये फ्यूजच्या तारेऐवजी जाड तार अडकवलेली नसावी. बटण फेजवर असावे. न्यूट्रलवर असेल तर बटण बंद करूनही होल्डरमध्ये वीज राहते.

६) घरावरून जाणाऱ्या तारा. साध्या घरगुती दाबाची लाइन छपराच्या सर्वांत उंच जागेपासून निदान २.५ मीटर वर हवी. ११ केव्हीची लाइन ३.७ मीटर वर हवी. बाजूने जात असतील तर दोन्हींना १.२ मीटर अंतर हवे. पुढेमागे माडी चढवायचा विचार असेल तर हे आजच मोजावे.

गोठा, न्हाणीघर आणि मोटरीची खोली विसरू नका. ओल तिथेच जास्त.

हे केव्हा करावे?

विसार देण्याआधी. घरमालकाला सरळ सांगावे, "दादा, एकदा वायरिंग दाखवून घेतो, मग बोलू." ज्याच्या मनात काही नाही तो नाही म्हणणार नाही. वायरमनकडून दोष आणि दुरुस्तीचा खर्च कागदावर लिहून घ्यावा, सहीनिशी. तो खर्च किमतीतून वजा करून मागता येतो, नाहीतर दुरुस्ती मालकाने करून द्यायची असे साठेखतात लिहून घ्यावे. खरेदीखत झाल्यावर या बोलण्याला वजन राहत नाही.

त्याच वेळी शेवटचे वीजबिलही पाहावे. जुन्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडून वसूल करण्याच्या नियमांना सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली मान्यता दिली आहे. बाकी फेडल्याची पावती घ्यावी आणि खरेदीनंतर मीटर आपल्या नावावर करून घ्यावा.

बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, मगच पैसे मोजतो. घर तर जन्माचे. त्यात आपली लेकरे ओल्या पायांनी वावरणार आहेत. तेवढी एक सकाळ वायरमनसाठी काढा.