मोंढा ते माद्रिद, व्हाया एम.ए.

"मंग त्या स्पॅनिशचं पुढं काय करनार तू?"

अण्णांनी हा प्रश्न विचारला तेव्हा आम्ही जालन्याच्या मोंढ्यात, आमच्या बी-बियाण्यांच्या दुकानात बसलो होतो. पेरणीचे दिवस होते, काउंटरवर शेतकऱ्यांची ही गर्दी! कुणाला सोयाबीन हवं होतं, कुणाला कपाशी, तर कुणाला नुसतीच उधारी. पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आलेली मी हातात चहाचा कप धरून बसले होते. तोंडातून सगळं बाहेर पडून गेलं होतं... "अण्णा, मी नोकरी सोडतेय. एम.ए. करायचंय. स्पॅनिशमध्ये."

आता तुम्ही म्हणाल, जालना आणि स्पॅनिश? जालना म्हणजे सळयांच्या रोलिंग मिल्स, बियाणं आणि मोसंबी. 'जालना सोने का पालना' ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकतो. १९६४ साली महिको कंपनी इथेच सुरू झाली आणि १ मे १९८१ ला औरंगाबादपासून वेगळा होऊन जिल्हा जन्माला आला. या सगळ्यात स्पॅनिश कुठेच नाही. मान्य! पण माझ्या गोष्टीत आहे. आणि तुमच्यापैकी ज्या कुणाला क्यूबिकलमध्ये बसून 'आपण भाषेत काहीतरी करावं यार' असं वाटतं, त्यांच्या कामाचीही आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

मला आवडते = मे गुस्ता!

मी बी.कॉम. जालन्यातच केलं. २०१८ साली पुण्यात एका कंपनीत लागले. काम टिपिकल : बिलं तपासायची, आकडे जुळवायचे, मेल टाकायचे. आमचे क्लायंट मेक्सिको आणि कोलंबियाचे. टीममध्ये ज्याला स्पॅनिश येतं त्याला पगारावर लँग्वेज अलाउन्स मिळायचा. २०१९ मध्ये वीकएन्डचा क्लास लावला तो निव्वळ त्या अलाउन्ससाठी. खोटं कशाला बोला?

पण तिसऱ्याच आठवड्यात गंमत झाली. सरांनी 'मे गुस्ता' शिकवलं. इंग्रजीतून विचार करणारी मंडळी गोंधळली, कारण इंग्रजीत 'मी' आवडवून घेतो. स्पॅनिशमध्ये वस्तू मला आवडते. मी मनात म्हटलं, अरे, हे तर आपलंच! 'मला मोसंबी आवडते', 'मला मोसंब्या आवडतात'. स्पॅनिशमध्येही एक असेल तर गुस्ता, अनेक असतील तर गुस्तान. तसंच तू आणि तुम्हीचं. त्यांच्याकडे 'तू' आणि 'उस्तेद'. 'तो येतो' आणि 'तो यावा' यातला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही; स्पॅनिश शिकताना इंग्रजीवाल्यांचा घाम नेमका तिथेच निघतो.

शब्दही ओळखीचे निघाले. पगार, चावी, साबण, पाव, बटाटा हे आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आले, आणि पोर्तुगीज म्हणजे स्पॅनिशची सख्खी बहीण. संत्र्याला स्पॅनिशमध्ये 'नारांखा' म्हणतात. तो शब्द तर आपल्याच 'नारंग'चा. फारसी आणि अरबीमार्गे तिकडे गेलेला. मोसंबीवाल्याच्या पोरीला आणखी काय हवं?

हो, मोसंबीवाल्याची पोर. पण २०१२-१३ चा दुष्काळ आला आणि आमची बाग वाळली. मी दहावीत होते. अण्णांनी टँकर लावून बघितले, शेवटी झाडं तोडली. त्यानंतर घर चाललं ते दुकानावर आणि दुकानाच्या कर्जावर. त्या कर्जाचा हप्ता आज माझ्या पगारातून जातो. म्हणूनच 'नोकरी सोडते' हे वाक्य आमच्या घरात साधं नाही.

पहिला फॉर्म, पहिला फटका

२०२२ मध्ये मी डेलेची बी-टू परीक्षा दिली. डेले म्हणजे स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने इन्स्तितुतो सेर्वान्तेस देते ते प्रमाणपत्र. ए-वनपासून सी-टूपर्यंत सहा पातळ्या. बी-टूला दोन गट असतात : वाचन-लेखन आणि श्रवण-संभाषण. प्रत्येक गटात ५० पैकी ३० हवेतच. एकात ४५ मिळवून दुसऱ्यात २५ मिळाले तर नापास! हे प्रमाणपत्र कधी एक्स्पायर होत नाही, हे मात्र सॉलिड.

बी-टू हातात आलं आणि मी हवेत. २०२३ मध्ये एका विद्यापीठाचा एम.ए.चा फॉर्म भरून टाकला. उत्तर आलं : अपात्र. कारण? माझी पदवी कॉमर्सची. भाषा येणं वेगळं आणि भाषेतली पदवी असणं वेगळं. माहितीपत्रकात ते स्वच्छ लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. लोकांच्या बिलांमधला एकेक पैसा तपासणारी मी, स्वतःच्या फॉर्मवर मात्र डोळे झाकून सही केली. वर्ष गेलं.

त्यानंतर मी शहाणी झाले. काय काय लागतं त्याचा नीट अभ्यास केला. तोच आता तुमच्यासाठी.

तर, लागतं काय?

सगळ्यात आधी जागा. फ्रेंच किंवा जर्मनमध्ये एम.ए. पुण्यात राहून करता येतं. स्पॅनिशसाठी मी शोध घेतला तेव्हा तीन मोठी नावं समोर आली आणि तिन्हीसाठी बॅग भरावी लागते. दिल्लीचं जेएनयू, दिल्ली विद्यापीठ आणि हैदराबादचं इफ्लू, म्हणजे इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी. (पोर्तुगीज हवं असेल तर मात्र गोवा विद्यापीठ जवळ आहे!)

दुसरी गोष्ट पात्रता. राजमार्ग म्हणजे स्पॅनिशमधली तीन वर्षांची बी.ए. ऑनर्स. बारावीनंतर जेएनयूत शून्यापासून स्पॅनिश सुरू करता येतं. घरात बारावीचं भावंडं असेल तर त्याला हे आजच सांगा. आपल्यासारख्यांची, म्हणजे पदवी भलत्याच विषयात असलेल्यांची वाट थोडी लांबची आहे. काही ठिकाणी कुठलीही पदवी आणि जोडीला स्पॅनिशचा अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा किंवा तेवढी पातळी चालते, काही ठिकाणी अजिबात चालत नाही. नियम विद्यापीठागणिक वेगळे आणि वर्षागणिक बदलणारे. म्हणून त्या वर्षाचं माहितीपत्रक वाचा. दोनदा वाचा. माझ्यासारखं करू नका.

तिसरी गोष्ट प्रवेश परीक्षा. २०२२ पासून अनेक केंद्रीय विद्यापीठांचे एम.ए.चे प्रवेश सीयूईटी-पीजीमधून होतात. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. ऑफिसचं स्पॅनिश इथे कामी येत नाही. 'आपले बिल प्राप्त झाले' हे वाक्य डोळे मिटून लिहिणाऱ्या मला 'दोन किखोते'चा दुसरा भाग कधी आला हे ठाऊक नव्हतं. (१६१५. पहिला १६०५.)

आत गेल्यावर काय?

एम.ए. म्हणजे 'अजून चांगलं स्पॅनिश' असं समजत असाल तर तो गैरसमज आहे. भाषा येते हे गृहीत धरूनच सुरुवात होते. दोन वर्षं, चार सेमिस्टर. स्पेनचं साहित्य, लॅटिन अमेरिकेचं साहित्य, इतिहास, भाषाविज्ञान, अनुवाद आणि भरपूर लेखन, तेही स्पॅनिशमध्येच. सेर्वान्तेसपासून १९८२ चे नोबेलविजेते गार्सिया मार्केसपर्यंत. माझा जीव मात्र जडला तो मेक्सिकोच्या हुआन रुल्फोवर. टायर कंपनीत सेल्समनगिरी केलेला हा माणूस. 'पेद्रो पारामो' ही त्याची छोटीशी कादंबरी १९५५ ची. एक मुलगा बापाला शोधत एका तापलेल्या, ओस गावात येतो... मे महिन्यातला आमचा जिल्हा ज्याने पाहिलाय त्याला ते गाव अनोळखी वाटणार नाही.

परदेशातलं गणित वेगळं. स्पेनमध्ये अधिकृत मास्टर्स बऱ्याचदा एका वर्षाचं, ६० क्रेडिट्सचं असतं. तिथला एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तास. म्हणजे १५०० ते १८०० तास. रोज आठ तास धरले तरी १९० ते २२५ दिवस! शेवटी एक प्रबंधिका. त्याआधी पदवीवर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का, अधिकृत अनुवादकाकडून भाषांतर, आणि हातात बहुधा बी-टू किंवा सी-वन. अमेरिकेत साधारण ३० ते ३६ क्रेडिट्स, पुस्तकांची लांबलचक यादी आणि त्यावर शेवटी सर्वसमावेशक परीक्षा. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या मुलांना स्पॅनिश शिकवून फी माफ आणि वर भत्ता अशी सोय असते.

आणि खरा प्रश्न... पैसा! आपल्या सरकारी विद्यापीठांची फी खासगी कॉलेजांच्या तुलनेत किरकोळ आहे. एम.ए.ची खरी किंमत आहे दोन वर्षांचा न मिळालेला पगार. ती कुठल्याच माहितीपत्रकात छापलेली नसते.

मग एम.ए. हवंच का?

प्रामाणिक उत्तर : प्रत्येकाला नको. अलाउन्स वाढवायचा असेल, मोठ्या कंपनीत उडी मारायची असेल, तर कंपन्या पातळी विचारतात, एम.ए. नाही. डेलेची सी-वन द्या, नोकरी सोडू नका. एम.ए. लागतं ते कॉलेजात शिकवायला, संशोधनाला. एम.ए.ला किमान ५५ टक्के (आरक्षित प्रवर्गांना ५० टक्के) आणि जोडीला नेट. यूजीसीच्या नेट परीक्षेत स्पॅनिश हा विषय आहे. साहित्याचा अनुवाद करायला कायद्याने पदवी लागत नाही, पण त्यासाठी जे वाचन लागतं ते बिलं तपासता तपासता होत नाही.

मला नेमकं तेच हवंय. शिकवायचंय, आणि रुल्फो इंग्रजीची मधली पायरी न घेता थेट मराठीत आणून बघायचाय. अपात्र ठरल्यानंतरच्या दोन वर्षांत नोकरी सांभाळून डिप्लोमे पुरे केले. दुकानाच्या कर्जाचे २४ हप्ते वेगळे काढून बँकेत ठेवले. आता पसंती हैदराबाद. जालन्याहून थेट रेल्वे आहे.

"हैदराबाद?" अण्णा एकदम सावरून बसले. "तुझे आजोबा जायचे तिथं. निजामाच्या टायमाला."

आजोबा उर्दू शाळेत शिकलेले. १९४८ पर्यंत आमचा भाग हैदराबाद संस्थानात होता, सरकारी कागद उर्दूत. अख्ख्या गावाचे कागद आजोबा वाचून दाखवायचे. परकी भाषा शिकून पोट भरणारी घरातली मी पहिली नव्हतेच!

"बियाण्याला काय म्हणतात तुझ्या स्पॅनिशमधी?"

"सेमिया."

"हात्तिच्या! हैदराबादेत तर शेवयाला सेमिया म्हणतात."

काउंटरवरचा शेतकरीही हसला. अण्णांनी त्याला सोयाबीनची पिशवी दिली, पैसे मोजले आणि माझ्याकडे न बघताच बोलले.

"ह्या पिशवीवर काय लिव्हलंय वाच."

मी वाचलं. उगवणक्षमता, किमान ७० टक्के.

"शंभर टक्क्याची कुणी गॅरंटी देत नाही. तरी लोक पेरतेतच ना? फक्त वल बघून पेर म्हणावं."

वल म्हणजे जमिनीतली ओल. माझ्या बाबतीत ती २४ हप्त्यांची आहे. तेवढी पुरेल असं धरून त्या रात्री पुण्याच्या बसमध्ये बसल्या बसल्या, तीन महिने ड्राफ्टमध्ये पडलेला राजीनामा मी पाठवून दिला.