चक्रवाक उडाले, आणि आमची भीडही!

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला गेले, की आमच्या नाशकात सहलींचे बेत सुरू होतात. कुणी पांडवलेणी चढायला निघते, कुणी सोमेश्वरला जाते, कुणी त्र्यंबकचा रस्ता धरते. हवा गार, ऊन कोवळे, भाजीपोळीचा डबा बरोबर. मग आणखी काय हवे? हवी असते ती सोबत. आणि सगळे घोडे पेंड खाते ते तिथेच. आपल्या ओळखीचीच माणसे, एरवी चांगली, सहलीला बरोबर आली की कधी कधी अशी वागतात की, घरी बसलो असतो तर बरे झाले असते असे वाटावे. त्यांना सांगायचे कसे? आणि सांगितले नाही, तर त्याची झळ कुणाला लागते? माझ्यावर आलेला प्रसंग सांगते. त्यात सगळा दोष दुसऱ्याचा आहे, अशी माझी खात्री होती. शेवटी त्यातला बराचसा माझ्याच पदरात पडला.

माझे सासरे चौतीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवीत होते. घरात आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. मेघदूत शिकवताना चक्रवाकाचा उल्लेख आला, की नाना फळ्यावर पक्ष्यांची जोडी काढून दाखवीत. दिवसा ही जोडी एकत्र असते आणि रात्र पडली की तिची ताटातूट होते, हा कवींचा संकेत त्यांनी किती मुलांना समजावून दिला असेल! पण खुद्द नानांनी चक्रवाक कधी पाहिला नव्हता. गेल्या वर्षी, वयाच्या 78 व्या वर्षी, त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशने झाली. पट्टी निघाल्यावर चारच दिवसांनी ते मला म्हणाले, "सूनबाई, डोळे नवे मिळालेत. एकदा चक्रवाक दाखव बघू."

चक्रवाक पाहायला आम्हा नाशिककरांना फार दूर जावे लागत नाही. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वर आहे. इंग्रजी अमदानीत तिथे बंधारा घातला गेला. वर्षानुवर्षे त्यात गाळ साचला, पाणी उथळ झाले, लव्हाळी आणि पाणवनस्पती माजल्या. शेतीच्या पाण्याच्या दृष्टीने हा तोटाच. पण पाखरांना तेच मानवले. 1986 साली तिथे अभयारण्य झाले आणि 2020 साली ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. इराणमधल्या रामसर गावी 1971 साली पाणथळ जागा जपण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यावरून हे नाव पडले. हिवाळ्यात थापटे, तलवार बदके, करकोचे येतात. काळेभोर वारकरी तर दिंडीसारखे पाण्यावर पसरलेले असतात. आणि उत्तरेकडून चक्रवाकही येतात. हिमालय ओलांडताना चक्रवाक सहा हजार मीटरच्याही वर उडतात, असे संशोधकांना आढळले आहे.

जानेवारीतला एक रविवार ठरला. पहाटे साडेपाचला निघायचे, म्हणजे सातच्या आत पाण्यावर. सकाळी पाणी शांत असते. पुढे ऊन चढले की पाणी डोळ्यांवर चमकते आणि दूरचे पक्षी नुसते काळे ठिपके दिसतात. नव्या डोळ्यांच्या नानांना ती चमक सोसणार नव्हती, हे मला चांगले ठाऊक होते.

शनिवारी रात्री आमच्या ह्यांच्या एका स्नेह्यांचा फोन आला. त्यांचे खरे नाव सांगत नाही. आपण त्यांना रावसाहेब म्हणू. "अहो, आम्हीही येतो की! मुलांनाही पाखरं दिसतील." ह्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. नाही कसे म्हणायचे?

रविवारी साडेपाचला नाना स्वेटर, मफलर, कानटोपी घालून गाडीत पुढे बसले होते. थंडी म्हणजे निफाडची! तिथे द्राक्षबागायतदार बागा वाचवायला रात्री शेकोट्या पेटवतात, अशी. सहाला फोन केला, तर "निघालोच!" साडेसहाला केला, तर "हे काय, पाच मिनिटांत!" सात वाजून दहा मिनिटांनी रावसाहेब अवतरले. बरोबर त्यांच्या साडूंचे सबंध कुटुंब होते. वाटेत मिसळीची पाटी दिसली आणि गाड्या थांबल्या. "नाशिकची माणसं आपण. मिसळ सोडून पुढे जायचं म्हणजे पाप!" रस्सा दोनदा आला, पाव तीनदा आले, आणि बिल आले तेव्हा रावसाहेब फोनवर बोलत बाहेर उभे होते. "हिशेब मागाहून करू," म्हणाले. तो मागाहूनचा दिवस अजून उजाडलेला नाही.

तलावावर पोहोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. गावातला जो तरुण आम्हाला पक्षी दाखवणार होता, तो बिचारा सातपासून काकडत उभा होता. आमच्यासाठी त्याने दुसऱ्या मंडळींना नाही म्हटले होते. तो काही बोलला नाही. आम्हीही बोललो नाही.

नाना मनोऱ्याच्या पायऱ्या एकेक करून चढले. दर चार पायऱ्यांना थांबत होते. वर तिपाईवरची मोठी दुर्बीण त्या मुलाने लावून दिली. नाना वाकले, डोळा लावला. "नारिंगी... काहीतरी नारिंगी दिसतंय..." ते म्हणत होते, तोच खालून टाळ्या, शिट्ट्या आणि फोनवरचे कसलेसे गाणे एकदम सुरू झाले. साडूंना उडत्या पाखरांचा फोटो हवा होता! सबंध थवा उठला आणि पार पलीकडच्या काठाला गेला. "काय झकास आला बघा!" खालून आवाज आला.

नानांनी मान वर केली. चष्मा काढून पुसला. "उठले वाटतं," एवढेच म्हणाले आणि पायऱ्या उतरू लागले.

संध्याकाळी घरी मी रावसाहेबांची यथेच्छ हजेरी घेतली. त्यांचा उशीर, त्यांचे साडू, त्यांचे बिल, त्यांच्या टाळ्या! हे मधून मधून "हो ना" म्हणत होते. नाना पलंगावर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सूनबाई, त्यांना ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं. साडेपाचला निघायचं होतं, तुला ठाऊक होतं. ऊन चढल्यावर मला दिसणार नाही, हेही तुला ठाऊक होतं. मग तू गप्प का बसलीस?"

मला उत्तर सुचेना. कारण उत्तर एकच होते: भीड.

भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात. मला वाटते, या म्हणीत एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. भीड आपण धरतो, पण भीक दुसऱ्याच्याच वाट्याला येते. त्या दिवशी माझे काय गेले? दोन तासांची झोप आणि मिसळीचे पैसे. नानांचा हिवाळा गेला. त्या तरुणाची सकाळ गेली. आणि पाखरांचे काय? चक्रवाक पुष्कळसे रात्री चरतात आणि दिवसा काठावर विसावतात. म्हणजे आम्ही दुसऱ्याच्या घरात शिरून झोपलेल्यांच्या उशाशी टाळ्या पिटल्या! 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यात प्राण्यापक्ष्यांना छेडायला मनाई आहे. पण कायदा मनोऱ्यावर उभा राहत नाही. तिथे मी उभी होते, आणि मी गप्प होते. मी ज्याला सभ्यपणा समजत होते, तो मुळात माझ्या नावाला धक्का लागू नये म्हणून बाळगलेला भित्रेपणा होता.

नाशिकच्या टाकळीला, गोदावरी आणि नंदिनीच्या संगमावर, समर्थ रामदासांनी बारा वर्षे तप केले. त्यांच्या दासबोधात दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासात मूर्खांची लक्षणे आहेत. दोघे बोलत असताना मध्येच जाऊन बसणारा तिसराही त्यात आहे. मला वाटले, आमचे रावसाहेब इथे सापडतील. पण त्याच दशकात शेवटी, दहाव्या समासात, पढतमूर्खाची लक्षणे आहेत. सगळे कळत असून तसे न वागणाऱ्याची. तिथे मला माझाच चेहरा दिसू लागला आणि पुस्तक मिटावे लागले.

चारच दिवसांनी संक्रांत आली. तिळगूळ घेऊन आम्ही दोघे रावसाहेबांकडे गेलो. गोड बोला म्हणायचे आणि कडू सांगायचे, असा तो अवघड प्रसंग! चहा झाल्यावर मी धीर केला. "भाऊजी, एक सांगायचं आहे. राग मानू नका. रविवारी उशीर झाला आणि टाळ्या वाजल्या, त्यामुळे नानांना पक्षी दिसले नाहीत. ते त्यासाठीच आले होते. मी आधीच सांगायला हवं होतं. ते माझं चुकलं."

रावसाहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वहिनी, नाना कशासाठी येताहेत, हे मला ठाऊकच नव्हतं हो. मला वाटलं, नुसती सहल आहे." त्यांच्या पत्नीला मात्र माझे बोलणे लागले. चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्या आल्या नाहीत. स्पष्ट बोलण्याचीही किंमत पडते, हे मी वाचक भगिनींपासून लपवीत नाही. पण ती किंमत माझी मी दिली; नानांना द्यायला लावली नाही.

तेव्हापासून आमच्या घरात सहलीचे काही नियम ठरले आहेत. पहिला, सहल कशासाठी आहे ते आधीच सांगायचे. मौजेसाठी असेल तर उशीर झाला काय आणि मिसळ खाल्ली काय, कुणाचे बिघडत नाही. पण एखाद्याचा जीव त्यात गुंतला असेल, तर ते सर्वांना कळले पाहिजे. दुसरा, "साडेपाचला जमू" असे म्हणायचे नाही. "साडेपाचला गाडी निघेल, उशीर झाला तर मागून या" असे म्हणायचे, आणि मग खरेच निघायचे. तिसरा, माणशी वर्गणी निघण्यापूर्वी गोळा करायची. पैशाची गोष्ट आधी काढली तर व्यवहार असतो, मागाहून काढली तर भांडण होते. चौथा, आणखी कुणाला आणायचे तर आदल्या दिवशी विचारायचे. आणि पाचवा, काही खटकले तर चारचौघांत टोमणा न मारता बाजूला घेऊन सांगायचे, तेही त्याच वेळी. माणसाची लाज राखून सांगितले, तर दहांतले आठ जण ऐकतात. उरलेल्या दोघांना पुढच्या वेळी बोलवायचे नाही. त्यात पाप नाही.

हे नियम मी हौसेने ह्यांना वाचून दाखवले. ते हळूच म्हणाले, "आणि ब्रह्मगिरीची फेरी?" मी वरमले. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी आम्ही शेजारणी त्र्यंबकच्या फेरीला गेलो होतो. मी मोठ्या फुशारकीने सर्वांच्या पुढे झपाझप चालत सुटले. उपासाच्या फराळाची पिशवी माझ्याच खांद्यावर होती! मागच्या चौघीजणी दोन तास उपाशी चालल्या. एकीनेही मला शब्द ऐकवला नाही. त्या दिवशी मीच कुणाची तरी रावसाहेब होते. तेव्हा सहावा नियम असा जोडला: दुसऱ्याला सांगण्यापूर्वी आपल्या खांद्यावर कुणाची पिशवी आहे, ते पाहायचे.

चक्रवाक उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातात. त्यामुळे नानांना सबंध वर्ष थांबावे लागले. 78 व्या वर्षी एक वर्ष म्हणजे थोडे नव्हे. मध्यंतरी त्यांचे गुडघे फार दुखू लागले, आणि यंदाच्या जानेवारीत आम्ही पुन्हा नांदूर मध्यमेश्वरला गेलो तेव्हा मनोरा चढणे त्यांना शक्य नव्हते. आम्ही घरूनच एक प्लॅस्टिकची खुर्ची नेली. त्याच तरुणाने ती काठावर आडोशाला मांडली, तिपाई बुटकी केली आणि दुर्बीण नानांच्या डोळ्यांशी आणून दिली. सकाळचे सात वाजले होते. पाण्यावर धुके होते.

रावसाहेबही आले होते. पाच वाजून वीस मिनिटांनी ते आमच्या दाराशी हजर होते, एकटा धाकटा मुलगा घेऊन. तो पोरगा काठावर काही ओरडणार, तोच रावसाहेबांनी ओठांवर बोट ठेवले आणि त्याला जवळ ओढून कानात म्हणाले, "श्शू! आजोबा बघताहेत."

नाना किती तरी वेळ दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. मी जवळ जाऊन विचारले, "दिसले का?"

"दिसले. दोघं आहेत. दिवस आहे ना, म्हणून जवळ बसलेत." मग डोळा न काढताच ते म्हणाले, "सूनबाई, चौतीस वर्षं मी याला पांढऱ्या खडूनं काढला गं. हा तर केशरी आहे!"