‘विश्वास आहे ना तुझा? मग रडतेस कशाला?’

मयताच्या घरी संध्याकाळची रोझरी संपली की हे वाक्य कानावर येतंच. बोलणारी बहुधा नात्यातली मोठी बाई असते. तिचा हेतू चांगला असतो. सकाळपासून त्या घरच्या माणसांना चहा-पेज तिनंच करून घातलेली असते. तरीही ते ऐकलं की मला राग येतो, कारण पुढे काय होतं ते आमच्या वसईतल्या घराघरांत मी पाहिलं आहे. नुकताच नवरा गेलेली बाई पदराचा बोळा तोंडाशी धरते, दोनदा मान हलवते आणि उठून आत जाते. रडू थांबत नाही. ते मोरीत, नळ सोडून रडावं लागतं, एवढंच. आधीच दुःखानं वाकलेल्या बाईला आता ‘आपली श्रद्धाच कच्ची’ ही टोचणीही लागते.

आणि ही टोचणी लावण्याचा अधिकार कुणालाच नाही. खऱ्या कॅथलिकानं मृत्यूवर रडू नये, असं चर्च शिकवत नाही. बायबलमध्ये तसं नाही, संतांच्या चरित्रांत नाही, अंत्यविधीच्या प्रार्थनांतही नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय दफनविधीच्या मिस्सेत अनेकदा वाचला जातो आणि तितक्याच वेळा नीट न ऐकता सोडून दिला जातो. लाजरस मरून चार दिवस झाले आहेत. येशू बेथानीला पोचतो, तेव्हा मार्था त्याला गाठून सरळ सुनावते, की तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळानं तिची बहीण मरिया येते, तीही नेमकं तेच म्हणते. दोघींच्या बोलण्यात तक्रार आहे. येशू त्यांना एका शब्दानंही दटावत नाही. मरियेला आणि तिच्याबरोबरच्या लोकांना रडताना पाहून तो व्याकुळ होतो आणि स्वतः रडतो. लाजरसला आपण उठवणार आहोत हे त्याला ठाऊक आहे, तसं त्यानं शिष्यांना निघण्याआधीच सुचवलेलंही आहे. काही क्षणांत आपला मित्र कबरीतून चालत बाहेर येणार हे माहीत असूनही तो रडला. मग ज्यांना आपलं माणूस डोळ्यांनी पुन्हा दिसायला पुनरुत्थानाच्या दिवसाची वाट पाहायची आहे, त्यांनी रडायचं नाही, हे कुठलं तर्कशास्त्र?

यावर हमखास पुढे केला जातो तो संत पौल. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायात, तो शोक करू नका म्हणतो, असं सांगितलं जातं. वाक्याचा अर्धा भाग कापून उरलेला वापरला की असंच होतं. ज्यांना काहीच आशा नाही त्यांच्यासारखा शोक तुमच्या वाट्याला येऊ नये, असं पौल म्हणतो. तो शोकावर बंदी घालत नाही. शोक करणाऱ्याच्या हाती आशा देतो. हाच पौल फिलिप्पैकरांना लिहिताना आपला सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला ही देवाची दया मानतो आणि कारणही देतो : तो गेला असता तर माझ्या दुःखावर दुःख आलं असतं. रोमकरांच्या पत्रात तर रडणाऱ्यांबरोबर रडा, असं तो स्पष्टच सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांत स्तेफनला दगडमार करून मारल्यावर त्याला पुरणारी माणसं मोठा आकांत करतात, आणि लेखक त्यांना भक्तिमान म्हणतो. त्या आकांतानं त्यांची भक्ती कमी झाली, असं त्याला वाटलेलं नाही.

या समजुतीची जुनी आणि प्रामाणिक चिकित्सा संत ऑगस्टीननं केली आहे, तीही स्वतःवर. सन ३८७ मध्ये रोमजवळच्या ओस्तिया बंदरात त्याची आई मोनिका वारली. तिचे डोळे मिटल्यावर त्याचा कोवळ्या वयाचा मुलगा अदेओदातुस ओक्साबोक्शी रडू लागला, तर सगळ्यांनी त्याला गप्प केलं. आईचं मरण दुःखद मरण नाही, मग विलाप शोभत नाही, असं ऑगस्टीनला वाटत होतं. त्यानं अश्रू आवरले. दफनाला गेला, रडला नाही. मन हलकं होईल म्हणून स्नान केलं, काही उपयोग झाला नाही. मग झोप लागली, आणि जाग आल्यावर एकांतात, देवासमोर, बांध फुटला. ‘कबुलीजबाब’ या ग्रंथाच्या नवव्या भागात त्यानं हे सगळं लिहून ठेवलं आहे. आपल्याला लाज कशी वाटली हेही लिहिलं आहे, आणि अश्रू मोकळे सोडल्यावरच हृदयाला विसावा मिळाला हेही. चर्चच्या सगळ्यात थोर आचार्यांपैकी एकाला जे जमलं नाही, ते आपण शेजारच्या विधवेकडून तिसऱ्या दिवशी मागतो.

संत बर्नार्डचंही तसंच. बाराव्या शतकात क्लेअरव्होच्या मठात गीतरत्नावर प्रवचन देताना, नुकत्याच वारलेल्या भावाच्या, जेरार्डच्या, आठवणीनं तो मध्येच थांबला. बायबलचं विवेचन बाजूला राहिलं आणि ते प्रवचन भावासाठीचा विलाप झालं. त्याच्या प्रवचनसंग्रहातून ते कुणी वगळलं नाही.

आणि येशूची आई मारिया? आपल्या पंचांगात १५ सप्टेंबर हा दुःखी मातेचा सण आहे. गुड फ्रायडेला गोव्यात ठिकठिकाणी मृत ख्रिस्ताची मूर्ती मिरवणुकीनं नेतात, तेव्हा सोबत त्याच्या शोकाकुल आईची मूर्ती असते. लेकरासाठी रडणाऱ्या आईसमोर ज्या चर्चमध्ये आपण गुडघे टेकतो, त्याच चर्चच्या नावानं दुसऱ्या आईला रडू नको म्हणायचं, हे मला पटत नाही.

याच वाक्याचं एक भावंड आहे : ‘तू रडलीस तर त्याच्या आत्म्याला त्रास होतो.’ याला कॅथलिक शिकवणीत कसलाही आधार नाही. दुसरं भावंड लहान मुलांच्या बाबतीत ऐकू येतं : ‘देवाला देवदूत हवा होता, म्हणून त्यानं नेलं.’ माणूस मेल्यावर देवदूत होत नाही. देवदूत ही वेगळी निर्मिती आहे, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलं जातं. आणि लेकरू हिरावून घेणारा देव त्या आईनं कसा पुजावा? आपल्या कॅथलिक बायबलमधल्या ज्ञानग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात, मृत्यू देवानं निर्माण केलेला नाही आणि जिवंतांच्या नाशात त्याला आनंद नाही, असं म्हटलं आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात शोकाकुल कुटुंबांसाठी काही परिच्छेद खर्च केले. शोक करणारा कधी देवावरही रागावतो, हे त्यांनी समजून घेतलं आहे. स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र उघडून पाहा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे एक वळत नाही, अंधारातच संपतं. तरीही ते बायबलमध्ये आहे आणि दर शुक्रवारी रात्रीच्या धर्मविधीत जगभरचे धर्मगुरू-धर्मभगिनी ते म्हणतात.

मग श्रद्धेचा आधार म्हणजे नेमकं काय? ज्यांनी तो अनुभवला आहे त्यांना विचारलं, तर दुःख कमी झालं असं फार थोडे सांगतात. प्रार्थनेमुळे गेलेल्या माणसासाठी अजून काहीतरी करता येतं, हे मात्र पुष्कळजण सांगतात. वर्षभर औषधांच्या वेळा सांभाळलेल्या मुलीचे हात वडील गेल्यावर एकदम रिकामे होतात. मासिक मिस्सा लावायची, नोव्हेंबर उजाडायच्या आत कबर धुऊन काढायची, पुण्यस्मरणाला नाव द्यायचं, ही कामं त्या रिकाम्या हातांना मिळतात. ही रीत आजकालची नाही. मरणाच्या दारात असलेल्या मोनिकेनं मुलांना सांगितलं होतं, की माझा देह कुठंही पुरा, त्याची चिंता करू नका. मात्र जिथं असाल तिथं प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. सर्व मृत भक्तांचा २ नोव्हेंबरचा दिवस दहाव्या शतकाच्या अखेरीस क्लूनीचा मठाधिपती ओडिलो यानं आपल्या मठांत सुरू केला आणि तिथून तो सगळीकडे पसरला. जिवंत आणि मृत यांच्यातलं नातं मरणानं तुटत नाही, ही संतांच्या समागमाची शिकवण आपण प्रेषितांच्या मतांगीकारात म्हणतो. सांत्वन तिथून येतं, आणि ते रडत रडतही घेता येतं.

दुसऱ्या एका गैरसमजाबद्दल घाईनं बोलता येणार नाही, कारण तो अजूनही घरं उद्ध्वस्त करतो. आत्महत्या केलेल्या माणसाला चर्च दफनविधी नाकारतं आणि तो नरकातच जातो, असं मानणारे लोक आजही भेटतात. त्या घरातली माणसं मिस्सेला यायची बंद होतात. पुढच्या बाकावर बसायची तर त्यांना हिंमतच होत नाही. हे खरं आहे, की १९१७ च्या धर्मकायद्याचं १२४०वं कलम जाणूनबुजून जीव देणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारत होतं. १९८३ च्या धर्मकायद्यात, ज्यांना दफनविधी नाकारता येतो त्यांची यादी ११८४व्या कलमात आहे आणि तिच्यातून आत्महत्या काढून टाकलेली आहे. म्हणजे चाळीस वर्षं उलटून गेली. चर्चचा अधिकृत धर्मशिक्षणग्रंथ आत्महत्येला चूकच म्हणतो. पण गंभीर मानसिक विकार, तीव्र भीती किंवा यातना यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, असंही तोच सांगतो. अशा व्यक्तींच्या तारणाबद्दल निराश होऊ नये, देवाला ठाऊक असलेल्या मार्गानं तो त्यांना संधी देऊ शकतो आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं, हे २२८३व्या परिच्छेदात आहे. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानंही आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं आहे. अशा घरी जाल तेव्हा गेलेल्याचं नाव घ्या. घरच्यांना ते कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं असतं.

‘देवावर विश्वास आहे तर समुपदेशक कशाला?’ या प्रश्नातही त्याच पहिल्या वाक्याचं विष आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी २०२२ पासून लागू आहे, दीर्घकाळ चालणाऱ्या शोकविकाराची स्वतंत्र नोंद आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ, आपल्या समाजाच्या रीतीपेक्षाही जास्त तीव्र शोक आणि त्यामुळे रोजचं जगणं ठप्प, अशी साधारण त्याची खूण. त्यावर उपचार आहेत. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. डॉक्टरकडे जाण्यानं प्रार्थनेचा अपमान होत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. शुद्धीस्थान म्हणजे छोटा नरक नाही. तिथल्या आत्म्यांचं तारण निश्चित झालेलं आहे, आणि तिथला काळ आपल्या घड्याळानं मोजता येत नाही, असं पोप बेनेडिक्ट यांनी २००७ च्या ‘स्पे साल्वी’ या पत्रात लिहिलं आहे. बाप्तिस्म्याआधी गेलेलं बाळ देवाला पारखं होतं, असा चर्चचा सिद्धांत नाही. चर्च त्याला देवाच्या दयेवर सोपवतं आणि त्याचा दफनविधीही करता येतो. दहनाला १९६३ पासून परवानगी आहे. मात्र रक्षा विखुरू नये किंवा पाण्यात सोडू नये, पवित्र जागी ठेवावी, हे २०१६ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं गेलं. रुग्णाभ्यंग हा फक्त शेवटच्या घटकेचा संस्कार नाही, तो एकाहून अधिक वेळा घेता येतो. ‘फादरना बोलावलं तर आजोबा घाबरतील’ म्हणून शुद्ध हरपेपर्यंत थांबू नका. शुद्धीत असताना तो घेतला तर आजारी माणसाला स्वतः उत्तरं देता येतात, कबुली देता येते.

मिस्सेसाठी दिलेले पैसे म्हणजे स्वर्गाचं तिकीट, हाही आरोप ऐकू येतो. ती अर्पणदक्षिणा आहे. तिच्यात व्यापाराचा भासही नसावा, असं धर्मकायद्याचं ९४७वं कलम बजावतं. काही मिळो न मिळो, गरजूंसाठी मिस्सा अर्पावी अशी शिफारस ९४५व्या कलमात आहे. आणि मिस्सा फक्त कॅथलिक मृतांसाठीच लावता येते हे ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ९०१वं कलम : धर्मगुरू कुणाही जिवंत किंवा मृत व्यक्तीसाठी मिस्सा अर्पण करू शकतो. शेजारचे काका हिंदू होते, पण तुम्हाला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं असेल, तर चर्चच्या कार्यालयात जाऊन त्यांचं नाव द्या.