गाडीचा सायलेन्सर कसा निवडावा?



मफलर म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें येतो तो हिंवाळ्यांत कानांभोवतीं गुंडाळावयाचा लोकरीचा पट्टा. अमेरिकेंत मात्र मोटारीच्या धुराच्या नळीवर बसविलेल्या डब्यालाहि मफलरच म्हणतात. एक मफलर कानांना थंडीपासून राखतो, दुसरा गाडीच्या आवाजापासून. या दुसऱ्याचें पेटंट अमेरिकेंतील रीव्हज बंधूंनीं १८९७ सालीं घेतलें. आपण त्याला सायलेन्सर म्हणतों.

हा विषय घेण्याचें कारण घरचेंच आहे. मी वाशिम जिल्ह्यांतील इंझोरीचा. आमची जमीन काळी. शेतांत जाण्याची वाट म्हणजे पांदण, आणि पावसाळ्यांत पांदण म्हणजे चिखल. माझ्या पुतण्यानें चारी चाकांना ओढ असलेली एक जुनी जीप घेतली. तिचा गंजलेला सायलेन्सर काढून त्यानें नुसती सरळ नळी बसविली. "काका, आतां गाडीला दम आला," असें तो मोठ्या कौतुकानें म्हणाला. आठच दिवसांनीं एका अरुंद पांदणींत तो बैलगाडीच्या मागून आला. गाडीवान "एंजिन बंद कर" म्हणून ओरडत होता, परंतु आपल्याच गाडीच्या गर्जनेंत पुतण्याला तें ऐकूं आलें नाहीं. बैल बुजले, गाडी कलंडली आणि गाडीवानाचा हात मोडला.

त्या रात्रीं मीं पुतण्याला पाटी घेऊन बसविलें. चार सिलिंडरांच्या एंजिनांत दर फेऱ्यास दोन स्फोट होतात. मिनिटाला २,००० फेरे झाले तर स्फोट ४,०००, म्हणजे सेकंदाला सुमारें ६७. प्रत्येक स्फोटाचा तप्त वायु नळींतून जोरानें बाहेर पडतो व हवेला धक्का देतो. हे धक्के म्हणजेच आवाज. ते सौम्य करणें हें सायलेन्सरचें काम.

तें दोन रीतींनीं साधतें. पहिल्या प्रकारच्या डब्यांत पडदे घालून कप्पे केलेले असतात. ध्वनीच्या लहरी त्यांवर आपटून उलटतात आणि एकमेकींना बऱ्याच अंशीं मारतात. दुसऱ्या प्रकारांत भोंकें पाडलेली सरळ नळी असून तिच्याभोंवतीं काचेची लोकर भरलेली असते. ती आवाज शोषून घेते. या दुसऱ्यांत वायूला अडथळा कमी. परंतु लोकर ओढ्याच्या पाण्यांत भिजते, कालांतरानें झडते, आणि मग आवाज वाढत जातो. चिखलपाण्याच्या वाटेला म्हणूनच कप्प्यांचा डबा अधिक टिकाऊ.

आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, ही समजूत खोटी आहे. पांदणींत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्यें रांगते. तेथें नळी मोकळी करून मिळणारी ताकद नांवापुरतीच असते.

डबा घेतांना तो दगडाला घासणार नाहीं इतका वर बसतो कीं नाहीं, हें पाहावें. नळीचें तोंड गाडीच्या सांगाड्याबाहेर निघावें, खिडकीखालीं नसावें. जोडांपाशीं काजळीचे डाग दिसले तर तेथून धूर गळतो असें समजावें. त्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं. बंद गाडींत तो जीव घेतो. सोयाबीन निघाल्यावर तापलेली गाडी कुटारावर उभी करूं नये. पेट घेण्यास वेळ लागत नाहीं.

आवाजाची परीक्षा दुकानापुढें गाडी डरकाळवून करूं नये. ज्या वेगानें आपण नेहमीं जातों त्या वेगानें, कांचा लावून, अर्धा तास चालवावी. डोक्यांत घुमणारा सूर त्या अर्ध्या तासांतच कळतो.

कायद्याचेंहि म्हणणें हेंच आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० व्या नियमानें प्रत्येक मोटारीला सायलेन्सर सक्तीचा आहे. आवाजाची मर्यादा मोडणाऱ्यास, मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनुसार, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. शिवाय आमच्या बाजूला कारंजा-सोहोळचें काळविटांचें अभयारण्य आहे. तेथील मुक्या जनावरांना फिर्याद करतां येत नाहीं, म्हणून त्यांचा विचार आपणच करावयास हवा.

पुतण्यानें गाडीवानाच्या औषधोपचाराचा सर्व खर्च दिला आणि जीपला कप्प्यांचा सायलेन्सर बसविला. हात जुळला, परंतु गाडीवानाला त्या हातानें कासरा पूर्वीसारखा आवळतां येत नाहीं.

कोणता आवाज चांगला, असें मला कोणी विचारलें तर मी एकच परीक्षा सांगतों. एंजिन चालू असतांना मागच्या बैलांच्या घुंगरमाळा ऐकूं आल्या, तर सायलेन्सर बरोबर निवडला असें खुशाल समजावें.